फाळक्यांची शिकवणी

सेकंड इयरच्या मिनी प्रोजेक्टसाठी मी एक स्टेपर मोटर विकत आणली होती. चार वायरी, चार रंग. त्यातल्या कुठल्या दोन एका कॉइलच्या, हेच कळेना. हॉस्टेलवर ज्यांना सगळं येतं असं म्हणतात अशा एका सिनियरकडे गेले, तर मोबाइलमधून मान वर न काढता त्यांनी मला डेटाशीट वाचायला सांगितलं. डेटाशीट इंग्रजीत होती म्हणून अडलं नाही हो, माझी शाळा कॉन्व्हेंटचीच! अडलं ते यामुळे, की ज्याला आधीच सगळं माहीत आहे त्याच्यासाठीच ती लिहिलेली होती.

मोटर तशीच पिशवीत टाकून दिवाळीला घरी, घोटीला गेले. आमच्याकडे भाताच्या गिरण्या भरपूर, त्यामुळे जळालेल्या मोटरी रिवाइंड करून देणारी दुकानंही आहेत. त्यातल्या एका काकांना सहज दाखवली. असली बारकी मोटर त्यांनी कधी उघडली नव्हती. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली, दोन वायरींची टोकं एकमेकींना टेकवली आणि दांडा बोटांनी फिरवून बघायला सांगितला. मोकळा फिरला. मग त्यांनी एक वायर बदलली. आता दांडा जड लागला. जड लागला म्हणजे ती जोडी! का जड लागला तेही त्यांनी सांगितलं. दांडा फिरवला की मोटरचा जनरेटर होतो, टोकं जुळलेली असली की करंट वाहतो, आणि तो करंटच दांड्याला धरून ठेवतो. सगळी मिळून दहा मिनिटं. लेंझचा नियम मी बारावीत पाठ केला होता, कळला त्या दिवशी.

हे सगळं सांगायचं कारण दादासाहेब फाळके. हसू नका, संबंध आहे.

त्याच सुट्टीत आम्ही घरचे सगळे वैतरणेच्या रस्त्याने त्र्यंबकला गेलो. दर्शनाची रांग मोठी होती. रांगेत कंटाळून बाबा म्हणाले, की दादासाहेब फाळके इथलेच. मला फाळके म्हणजे पुरस्कार एवढंच माहीत होतं, आणि २००९ सालचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा सिनेमा टीव्हीवर अर्धा बघितलेला. परत आल्यावर लायब्ररीतून त्यांच्यावरची पुस्तकं काढली. (मराठी कपाटाची किल्ली शोधायला लायब्ररीच्या सरांना थोडा वेळ लागला. त्यांचे आभार.) वाचायला घेतलं ते सिनेमासाठी, पण अडकून पडले ते वेगळ्याच गोष्टीत. हा माणूस आयुष्यभर कोणाकडून तरी काहीतरी शिकत होता, आणि शिकलेलं लगेच दुसऱ्याला शिकवत होता. त्यासाठी त्याने कुठलीही लाज बाळगली नाही.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवण्याचं काम मिळालं आणि बिऱ्हाड मुंबईला गेलं. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि मग मोठ्या भावाबरोबर बडोद्याला गेले. तिथे कलाभवन नावाची संस्था होती. आपल्यासारख्यांनी हे नाव लक्षात ठेवावं, कारण आज बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाची इंजिनिअरिंग फॅकल्टी आहे ती याच कलाभवनात. सयाजीराव महाराजांच्या राज्यात प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी ते १८९० साली सुरू केलं. गज्जर रसायनशास्त्राचे. तंत्रशिक्षण कारागिरांच्या मुलांना त्यांच्या भाषेतून मिळालं पाहिजे, या मताचे. चित्रकला शिकायला आलेल्या या मुलाला फोटोग्राफीचा नाद आहे हे त्यांनी ओळखलं आणि कलाभवनाचा फोटो स्टुडिओ आणि लॅब वापरायला परवानगी देऊन टाकली. लॅबची किल्ली मिळणं म्हणजे काय असतं हे ज्यांनी आपल्याकडे संध्याकाळी पाचनंतर ती मागून पाहिली आहे त्यांनाच कळेल!

पुढे फाळके रतलामला जाऊन तीन रंगांचे ब्लॉक बनवायचं आणि फोटोलिथोचं तंत्र शिकले. नंतर गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगच्या साथीत बायको आणि मूल दोघंही गेली. पुस्तकांत हे एका ओळीत येतं, मीही एका ओळीतच लिहिते आहे, पण तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

बडोद्याला परत येऊन पुन्हा धंदा केला, तो चालला नाही. कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो आणि आयुष्य कमी होतं, असं लोकांना वाटायचं. मध्येच एका जर्मन जादूगाराकडून ते जादू शिकले आणि प्रोफेसर केल्फा या नावाने प्रयोगही केले. केल्फा उलटं वाचा! १९०२ मध्ये दुसरं लग्न झालं. पत्नीचं नाव सरस्वतीबाई. या बाईंबद्दल पुढे लिहायचं आहे. १९०३ पासून पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची नोकरी केली. स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत ती सोडून लोणावळ्याला आणि मग दादरला छापखाना काढला. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं घ्यायला जर्मनीला जाऊन आले. छापखाना नावारूपाला आला आणि भागीदारांशी बिनसलं. फाळक्यांचं भागीदारांशी बिनसणं हे पुढेही चालू राहतं. स्वभाव हट्टी होता, ते लपवण्यात अर्थ नाही.

चाळिशी आली होती, हाताला काम नव्हतं. अशा वेळी गिरगावात तंबूतल्या थिएटरात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त, आणि यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण. ही गोष्ट सर्वांना माहीत आहे, म्हणून पुढे जाते.

पुढचे काही महिने ते रोज चार-पाच तास सिनेमे बघत आणि उरलेला वेळ एका लहानशा कॅमेऱ्याशी, रिळांशी आणि भिंगांशी खेळत. झोप जवळपास नाहीच. शेवटी डोळ्यांनी दिसेनासं झालं. डॉ. प्रभाकर नावाच्या नेत्रतज्ज्ञांनी उपचार केले, तीन-चार चष्मे दिले, तेव्हा दृष्टी परत आली. परत आल्या आल्या पुन्हा तेच सुरू! घरातल्या वस्तू विकल्या जात होत्या. नातेवाइकांना वाटलं डोकं फिरलं.

आता माझ्या मते आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १ फेब्रुवारी १९१२ ला फाळके बोटीने लंडनला निघाले. लंडनमध्ये ओळखीचं कोणी नाही. पिकॅडिली सर्कसच्या जवळ हिंडताना त्यांना एका पाटीवर 'बायोस्कोप' या साप्ताहिकाचं नाव दिसलं. या साप्ताहिकाचे ते मुंबईतून वर्गणीदार होते. तेवढ्या ओळखीवर ते सरळ आत शिरले आणि संपादकांना भेटले. संपादकांचं नाव केबर्न.

कल्पना करा. समोर एक अनोळखी हिंदी गृहस्थ, चाळिशी ओलांडलेला, म्हणतोय मला सिनेमा करायचा आहे. केबर्न यांनी आधी परावृत्तच केलं. इंग्लंडमध्येही चित्रपट काढणारे बुडत होते, आणि हिंदुस्थानची हवा या कामाला मानवेल की नाही ही त्यांना शंका होती. शंका अगदीच खोटी नव्हती. फिल्मवरचा थर जिलेटिनचा, धुण्याचं पाणी गरम झालं की तो फुगतो आणि सुटायला लागतो. मुंबईच्या मे महिन्यात पाणी गार ठेवायचं म्हणजे बर्फ आला. पण फाळके ऐकेनात. छपाई, फोटो, लिथो असं सगळं हाताने केलेला माणूस आहे हे बोलण्यातून कळल्यावर केबर्न यांचं मत बदललं. कॅमेरा कुठला घ्यावा, फिल्म कोणती घ्यावी, ही माहिती त्यांनी दिली आणि सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली.

हेपवर्थ म्हणजे तेव्हाचे इंग्लंडमधले फार मोठे निर्माते. टेम्स नदीकाठी वॉल्टनला त्यांचा स्टुडिओ. त्यांचे वडील मॅजिक लँटर्नवर व्याख्यानं देत गावोगाव हिंडायचे, त्यामुळे सामान्य माणसाला समजावून सांगण्याचं वळण घरातलंच. १८९७ सालीच, म्हणजे सिनेमा दोन वर्षांचा असताना, त्यांनी हलत्या चित्रांचं तंत्र शिकवणारं एक पुस्तक हौशी लोकांसाठी लिहिलं होतं. ते फाळक्यांच्या हाती आधीच आलं होतं असं त्यांच्या चरित्रांत सांगितलेलं आहे. तर अशा या हेपवर्थनी फाळक्यांना स्टुडिओचे सगळे विभाग उघडून दाखवले. नुसते दाखवले नाहीत, चित्रण करून दाखवलं. ट्रिक सीन कसे घेतात, फिल्म कशी धुतात, तुकडे कसे जोडतात. लंडनचा मुक्काम होता दोन आठवड्यांचा. तेवढ्यात हे सारं!

मी विचार करत बसले, की त्यांनी का सांगितलं असेल? धंद्याची गुपितं होती ही. फाळके काही फी भरलेले विद्यार्थी नव्हते. एक कारण मला असं वाटतं, की फाळके तयारीनिशी गेले होते. वर्षभर डोळे फुटेपर्यंत बघून बघून त्यांना काय येत नाही ते नेमकं कळलेलं होतं. सिनेमा कसा काढतात, असा मोघम प्रश्न विचारला असता तर केबर्न साहेबांनीही त्यांना माझ्या सिनियरसारखं डेटाशीट वाचायला पाठवलं असतं. दुसरं कारण साधं आहे. काही लोकांना सांगायला आवडतं. काकांना मोटरबद्दल सांगायला आवडतं तसं.

पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा, कोडॅकची कोरी फिल्म आणि तिला भोकं पाडायचं यंत्र एवढ्याची ऑर्डर देऊन १ एप्रिल १९१२ ला फाळके परतले. सामान मागाहून आलं. खोकी फोडून, सोबत आलेला आराखडा आणि सूचना बघून त्यांनी कॅमेरा स्वतः उभा केला.

भोकं पाडायचं यंत्र कशाला, तर कोरी फिल्म तेव्हा सपाट पट्टी असायची. कॅमेऱ्यात एक नखी असते. ती भोकात अडकून फिल्म एक घर खाली ओढते, सोडते आणि वर जाते. फिल्म थांबलेली असते तेवढ्या क्षणात शटर उघडून फोटो निघतो. हे सेकंदाला सोळा वेळा, तेही हँडल हाताने फिरवून. त्या काळच्या बहुतेक कॅमेऱ्यांत हँडलच्या एका फेरीला आठ चौकटी, म्हणजे सेकंदाला बरोबर दोन फेऱ्या. भोकांतलं अंतर जरा चुकलं की पडद्यावर चित्र थरथरणार.

ही भोकं पाडायचं काम सरस्वतीबाईंचं. दिवसभराचं घर, मुलं आणि स्वयंपाक आटोपून रात्री अंधाऱ्या खोलीत. फिल्म कशी धरायची, भोकं कशी पाडायची, रसायनं कशी कालवायची आणि फिल्म कशी धुवायची, हे सगळं फाळक्यांनी त्यांना शिकवलं. मी हिशेब केला. एका फुटात सोळा चौकटी, प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार भोकं, म्हणजे फुटाला १२८. 'राजा हरिश्चंद्र' ३,७०० फुटांचा होता. झाली ४,७३,६०० भोकं! दोन भोकांतलं अंतर पावणेपाच मिलिमीटर. वाया गेलेली फिल्म वेगळी आणि पडद्यावर दाखवायची कॉपी छापायला लागणारी फिल्म वेगळी, तीही भोकं पाडूनच. आपण वर्कशॉपमध्ये एका प्लेटला चार ड्रिल मारून सेल्फी काढतो. कॉलेजच्या क्विझमध्ये भारतीय चित्रपटाचे जनक कोण हा प्रश्न दरवर्षी असतो, सरस्वतीबाईंवर अजून एकदाही आलेला मी ऐकला नाही. ज्यांना टेक्निशियन म्हणतात तशा त्या आपल्या चित्रपटसृष्टीतल्या पहिल्या बाई म्हणायला हव्यात.

कॅमेऱ्याला माणूस हवा होता. फाळक्यांनी त्र्यंबकच्या आपल्या मित्राला, त्र्यंबक तेलंग यांना बोलावलं. तेलंगांना साध्या फोटोग्राफीची माहिती होती, सिनेमा कॅमेरा पाहिलेला नव्हता. फाळक्यांनी त्यांना शिकवलं आणि देशातल्या पहिल्या कथापटाचे कॅमेरामन म्हणून त्यांचं नाव लागलं. म्हणजे वॉल्टनच्या स्टुडिओतली विद्या काही महिन्यांत त्र्यंबकच्या माणसाच्या हातात! मधल्या काळात कुठलंही कॉलेज नाही, सिलॅबस नाही.

पण भांडवल कुठून आणायचं? सिनेमा म्हणजे काय हे सावकाराला समजावणं अवघड. फाळक्यांनी तोंडाने समजावलंच नाही. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभरापेक्षा जास्त दिवस थोडंथोडं चित्रण केलं. मिनिटभराची फिल्म झाली. बी फुटतं, अंकुर येतो, वेल वर चढते. अनेक ठिकाणी असं छापलेलं आहे, की त्यांनी रोज एकच फोटो घेतला. इंजिनिअरिंगच्या मुलांनी तरी हे मान हलवून वाचू नये. रोज एक तर महिन्याला तीस चौकटी, म्हणजे पडद्यावर दोन सेकंदसुद्धा नाहीत. मिनिटभर दाखवायला साडेनऊशेच्या वर चौकटी लागतात, म्हणजे दीड महिना धरला तरी दिवसाला वीस-एकवीस. कॅमेरा न हलवता, रोज, न चुकता! ती फिल्म निवडक लोकांना दाखवली आणि यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज दिलं. जादूगार युक्ती लपवतो. हे गृहस्थ जादू करून दाखवायचे आणि युक्तीही उघडी करायचे.

'राजा हरिश्चंद्र'ची सगळी हकीकत इथे देत नाही. तारामतीचं काम करायला बाई मिळेना म्हणून हॉटेलात स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके तारामती झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. वांगणीची गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. बाहेरच्या चित्रणासाठी मंडळी कर्जतच्या अलीकडे वांगणी गावाला गेली. फाळके स्वतः मागाहून येणार होते. भाले-तलवारी घेतलेली, रंग फासलेली माणसं बघून गावकऱ्यांना वाटलं दरोडेखोर आले! पोलीस पाटलांनी सगळ्यांना धरलं. आम्ही सिनेमावाले, असं सांगून काय उपयोग? सिनेमा हा शब्दच गावाने ऐकलेला नव्हता. फाळके आले. त्यांनी पाटलांना सामान दाखवलं, पुराणातली गोष्ट सांगितली, आणि मग कॅमेरा लावून, मंडळींना उभं करून एक प्रसंग चित्रित करून दाखवला. आत फिल्म न घालता! कच्ची फिल्म महाग, ती पाटलांवर कशी घालवणार? पण दाखवायचं ते पूर्ण दाखवलं. पाटलांना पटलं आणि मंडळी सुटली.

लंडनचा संपादक, मुंबईचा सावकार आणि वांगणीचा पोलीस पाटील. प्रत्येकाला काय माहीत आहे ते आधी बघून तिथून सुरुवात, हे फाळक्यांना जमत होतं. आमच्या काकांनी मोटर दाखवली तीही तशीच, माझ्या बोटांपासून.

२१ एप्रिल १९१३ ला ग्रँट रोडच्या ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी लागला. पहिला कोण यावर वाद घालणारे एक-दोघे प्रत्येक हॉस्टेलवर असतातच, त्यांच्यासाठी: दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' त्याआधी १८ मे १९१२ ला लागला होता. पण ते नाटकाचं चित्रण होतं, कॅमेरामन ब्रिटिश होता आणि फिल्म धुवायला लंडनला गेली होती. 'हरिश्चंद्र'ची फिल्म दादरला, घरात धुतली गेली. या फरकाला मी तरी मोठा मानते.

त्याच वर्षी फाळक्यांनी कारखाना मुंबईहून नाशिकला हलवला. तेव्हा मुंबई-नाशिक रेल्वे कसारा घाट चढून इगतपुरी आणि मग घोटीवरूनच जायची, आजही जाते. आमच्या स्टेशनावरून तो विल्यमसन कॅमेरा आणि माणसांचा तो सगळा तांडा गेला असेल, या विचाराने मला उगाचच बरं वाटतं. नाशिकला 'मोहिनी भस्मासुर' झाला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केलं आणि पडद्यावर स्त्रिया आल्या. १९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. या वेळी दाखवायला. तिथेच राहून चित्रपट काढण्याची बोलणी आली, ती त्यांनी नाकारली. नाशिकला त्यांची माणसं पगाराची वाट बघत होती. मग महायुद्ध सुरू झालं, पैसा आटला, बरीच ओढाताण झाली. १९१७ च्या 'लंकादहन'ने पुन्हा दिवस पालटले. तिकिटांची नाणी बैलगाडीतून नेली म्हणतात.

आणि नेमकं याच वर्षी, डोक्यावर एवढी कामं असताना, फाळक्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे 'नवयुग' मासिकात नोव्हेंबर १९१७ पासून सप्टेंबर १९१८ पर्यंत भारतीय चित्रपटावर चार लेख लिहिले. ख्रिस्ताचा चित्रपट बघितल्यापासून आपलं काय झालं, घरातलं काय काय विकलं, लंडनला कोणाकडे गेलो, हे सगळं मराठीतून. माझ्यासारखीला ते मराठी जड जातं, एकेक वाक्य दोनदा वाचावं लागलं, संस्कृत शब्दांना आजीला फोन. पण एक लक्षात आलं. जिथे स्वतःला काही येत नव्हतं तिथे त्यांनी ते येत नव्हतं असंच लिहिलं आहे. आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये पहिल्या पानापासून सगळं चाललेलंच असतं!

दुसरी गोष्ट म्हणजे 'चित्रपट कसे तयार करतात' ही छोटी फिल्म. सिनेमा कसा बनतो हे दाखवणारा सिनेमा. प्रेक्षकाला चार वर्षांपूर्वी हा प्रकार माहीतही नव्हता, आणि त्याच्यापुढे कारखान्याचं दार उघडून ठेवलं.

१९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. भांडवल भागीदारांचं, चित्रपट फाळक्यांचे. 'कालियामर्दन'मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. पण १९१९ संपता संपता भागीदारांशी पुन्हा बिनसलं. फाळके सगळं सोडून काशीला गेले आणि तिथे 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं. १९२२ मध्ये परत कंपनीत आले. १९३१ ला बोलपट आला. नवी यंत्रं, नवं तंत्र, नवी माणसं. 'सेतुबंधन' मूक काढलेला होता, त्याला मागून आवाज जोडावा लागला. १९३७ चा 'गंगावतरण' हा कोल्हापूरला काढलेला त्यांचा शेवटचा चित्रपट आणि पहिल्यापासून बोलका असा एकुलता एक. वय सदुसष्ट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला त्यांचं निधन झालं. हाताशी पैसा उरलेला नव्हता. पुरस्कार १९६९ पासून सुरू झाला.

'चित्रपट कसे तयार करतात'चा काही भाग शिल्लक आहे. परवा आमच्या रूमवर लॅपटॉपवर तो लावला होता. आवाज नाही, चित्र फिकट आणि मध्येमध्ये उड्या मारणारं. फाळके नटांना शिकवताना दिसतात, मग फिल्मची पट्टी हातात घेऊन बघताना. माझी रूममेट कॉम्प्युटरची, तिला फिल्म म्हणजे फाइल. तिने विचारलं, की त्या पट्टीच्या कडेला भोकं कशाला? मी तिला बेडवर बसवलं, पंचिंग मशीन आणि जर्नलचा एक कागद घेतला, आणि मेसची घंटा होईपर्यंत आम्ही तेच करत होतो.